आधी छप्पर शाकारा, सही नंतर

वाचकाचं पत्र:

माझगावात आमची दोन मजली चाळ आहे. आजोबांनी १९३२ साली बांधली. बारा बिऱ्हाडं, सगळी पागडीची (सुरुवातीला एकरकमी पागडी, मग नाममात्र भाडं). भाडं कुणाचं ९०, कुणाचं ३००. महिन्याला सगळं मिळून २,१५० रुपये जमतात. त्यात पंपाचं बिल आणि झाडूवालीचे पैसेही भागत नाहीत. मी निवृत्त परिचारिका आहे, भाऊ ठाण्याला असतो. एक बिल्डर दोनदा येऊन गेला. भाऊ म्हणतो, 'देऊन टाक. द्यायची नसेल तर काहीच करू नकोस. चार पावसाळ्यांत चाळ आपोआप धोकादायक ठरेल, मग महापालिकाच रिकामी करेल.' इथे भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारी बाई आहे, दोन वॉचमन आहेत, घरकामाला जाणाऱ्या तिघी आहेत, डबे करून देणारी एक विधवा आहे. त्यांच्यातल्या दोन म्हाताऱ्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढले. वरच्या मजल्यावर छप्पर गळतंय, मागच्या संडासाच्या भिंतीला तडा गेलाय. माणसं तिथेच राहावीत आणि चाळही नीट व्हावी असं मला वाटतं. हे शक्य आहे का, की हा माझा भाबडेपणा आहे?
– एक घरमालकीण, माझगाव

प्रिय ताई,

भाबडेपणा अजिबात नाही. माझ्याकडे चाळींबद्दल येणारी पत्रं बहुतेक भाडेकरूंची असतात. मालकांनी लिहिलंच तर 'यांना बाहेर कसं काढू' एवढंच विचारलेलं असतं. माणसं राहावीत म्हणून मालकिणीनं लिहिलेलं पत्र फार दिवसांनी हातात आलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

सुरुवात भावाच्या दुसऱ्या सल्ल्यापासून करते, कारण तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. 'चार पावसाळे थांब' हे या शहरात पुष्कळांनी पुष्कळांना सांगितलेलं आहे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत सकाळी पडली आणि ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत आणखी एक पडली. त्या इमारतींची कारणं वेगळी होती, मालकही वेगळे. पण दोन्ही ठिकाणं तुमच्यापासून फार लांब नाहीत, आणि इमारत आपल्या सोयीचा मुहूर्त बघून पडत नाही. तुमच्या चाळीचं छप्पर पहिल्यांदा कोसळेल ते बहुधा रात्री, पावसात, खाली डबेवाल्या बाईंची मुलं झोपलेली असताना. तुम्ही आयुष्यभर परिचारिका होतात. ही वाट तुम्हाला जमणारी नाही, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

भावाला कायद्याच्या भाषेतही सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: जागा नीट दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालक हलला नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. तुमच्या अख्ख्या चाळीचा हा चतुर्थांश होतो ६,४५० रुपये. यात काय दुरुस्ती होणार ते तुम्हीच जाणता. पण त्यामुळे मालकाची जबाबदारी सुटत नाही. शिवाय इमारत पाडली म्हणून भाडेकरूंचा हक्क संपत नाही. पाडण्याआधी प्रत्येकाच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून यादी करायची असते, ती याचसाठी. म्हाडा म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण; त्याच्या कायद्यात अलीकडे आलेलं कलम ७९-अ तर भावाच्या हिशेबाच्या उलटच जातं. उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत धोकादायक ठरली की ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने. त्यानं दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला. त्यांनाही जमलं नाही तर म्हाडा जागा संपादित करू शकते. या कलमाखालच्या नोटिसा कुणी आणि कधी काढायच्या यावर उच्च न्यायालयात मोठा वाद झालेला आहे, तेव्हा आजची स्थिती वकिलाकडून समजून घ्या. दिशा मात्र स्पष्ट आहे: हातावर हात ठेवून बसलेल्या मालकाच्या हातात शेवटी काही राहत नाही.

आता चाळीकडे येऊ.

तुमची चाळ १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या 'अ' वर्गातली. मालमत्ता कराचं बिल काढून बघा, त्यात दुरुस्ती उपकराची रक्कम दिसेल. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्या भाड्यात मालकांना दुरुस्ती परवडेना, इमारती पडू लागल्या, आणि १९६९ च्या कायद्यानं उपकर घेऊन सरकारी मंडळानं दुरुस्ती करायची असं ठरलं. तेव्हा शहर भागात अशा १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या १६,५०२ 'अ' वर्गातल्या. आज ते काम म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या चाळीनं अर्धशतकाहून जास्त काळ उपकर भरलेला आहे. तुम्ही त्यांच्या दारात भीक मागायला जात नाही आहात. तुमच्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या, सोबत फोटो आणि भाडेकरूंच्या सह्या जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा असते. अंदाज त्यापुढे गेला तर वरची रक्कम रहिवाशांनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. म्हणूनच अर्ज आज हवा, तडा बोटभर असताना. तो हातभर झाल्यावर हीच दुरुस्ती मर्यादेबाहेर जाईल. टेकूंवर उभ्या असलेल्या कितीतरी चाळी अशाच वेळेवर अर्ज न गेल्यानं टेकूंवर आल्या.

अर्ज जाईल तोवर घरच्या घरी काही बघता येतं. कागदांइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरच्या दोन गोळ्यांनी चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घाला. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. शाबूत राहिली तर तडा जुना आहे, थांबलेला आहे. अभियंत्याला ही तारीख दाखवलीत तर तो तुमचं ऐकेल. तडा संडासाच्या भिंतीला आहे म्हणून माझा पहिला संशय बिडाच्या पाइपावर आणि खालच्या चेंबरवर आहे. चेंबर फुटला की पाण्याबरोबर पायाखालची माती धुऊन जाते आणि भिंत एका बाजूला बसते. वरून कितीही लिंपा, उपयोग नाही. पिंपळाचं रोप आलेलं असेल तर नुसतं उपटून भागत नाही, मूळ भिंतीत राहतं आणि पुढच्या पावसात परत फुटतं.

वरच्या मजल्यावर सागवानी तुळया असतील. सागवान शंभर वर्षं काढतं, पण तुळईचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे ओल धरली की ते आतून कुजतं, आणि बाहेरून रंग छान दिसतो. जुना सुतार टोच्या मारून बघतो. तो सहज आत गेला तर ती तुळई गेली. म्हणून छप्पर आधी. कौलं पावसाळ्याआधी शाकारून घ्या, पन्हळी साफ करा, फुटकी कौलं बदला. चाळीच्या एकूण दुरुस्तीतला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि सगळ्यात जास्त वाचवणारा. आणखी एक: भिंती चुन्यात बांधलेल्या असतील तर कंत्राटदाराला त्यावर सरसकट सिमेंटचं प्लास्टर मारू देऊ नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आतच कोंडतं. दोन वर्षं भिंत गुळगुळीत दिसते आणि मग पोपडे निघतात, ते विटेसकट.

भाडेकरूंकडेही एक विषय काढावा लागेल, प्रेमानं पण स्पष्ट. पोटमाळ्यावर पाण्यानं भरलेलं दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो वजन. जुन्या लादीवर नवी, त्यावर आणखी नवी, मोरी उचलून बांधलेली. बारा खोल्यांत प्रत्येकानं आपापल्या सोयीनं थोडं थोडं वजन वाढवलेलं असतं आणि ते सगळं त्या एका तुळईवर येतं. पिंपं खाली आणायची तर मागच्या बाजूला सामाईक टाकी लागेल. म्हणजे 'काढा' म्हणताना 'हे घ्या' असंही म्हणता आलं पाहिजे.

तुमची खरी अडचण पैशांची आहे.

२,१५० रुपयांत चाळ चालत नाही, आणि भाडेकरूंनाही ते माहीत आहे. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि तो तुम्हाला दर वर्षी ४ टक्के वाढ देतो. तुम्ही ती घेतलेली दिसत नाही. २००० साली ज्याचं भाडं ८० रुपये होतं, त्याचं वर्षावर वर्ष मिळवत गेलं तर पंचवीस वर्षांनी साधारण २१३ होतं. मागची थकबाकी मागू नका, गोरगरिबांवर एकदम बोजा पडेल आणि विश्वास जाईल. पुढची वाढ मात्र दर एप्रिलला नियमानं घ्या. त्यातून छप्पर होणार नाही, पण पंप आणि झाडूवालीचा प्रश्न हळूहळू सुटेल.

मोठ्या सुधारणेसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. ७० टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली तर सुधारणेवर किंवा रचनेतल्या बदलावर झालेल्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत रक्कम भाड्यात वाढवता येते. समजा सामाईक टाकी आणि नवे संडास मिळून ४ लाख खर्च झाला. त्याचे १५ टक्के ६० हजार. बारा बिऱ्हाडांत वाटले तर वर्षाला ५ हजार, महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास. भाजीवाल्या बाईंना हे जड आहे. पण माझगावात पाणी आणि धड संडास असलेली खोली त्यांना बाहेर या पैशात कुठे मिळणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. ज्याला सव्वाचारशे झेपणार नाहीत त्याचं दोनशे करा, ज्याच्या घरात दोन पगार आहेत त्याचं पूर्ण घ्या. हे तुम्ही एकटीनं ठरवू नका, बारा जणांनी मिळून ठरवू दे. चाळीतल्या माणसांना एकमेकांची ऐपत तुमच्यापेक्षा बरी ठाऊक असते.

तिसरा पैसा पागडीचा. खोली हस्तांतर होते तेव्हा मालकाचा वाटा रिवाजानं साधारण तिसरा हिस्सा असतो, आणि कलम ५६ नं ही देवघेव कायदेशीर केलेली आहे. माझं म्हणणं: पुढचं हस्तांतर होईल तेव्हा त्यातला ठरावीक भाग 'दुरुस्ती खातं' म्हणून बँकेत वेगळा ठेवा आणि पासबुक चाळीच्या दोन माणसांना दाखवत जा. तुमचं मन मोकळं आहे हे भाषणानं पटणार नाही, पासबुकानं पटेल. आमदार निधीतून लाद्या, संडास, पेव्हर झालेल्या चाळी तुमच्याच आसपास असतील. स्थानिक आमदारांच्या कार्यालयात भाडेकरूंनीच अर्ज घेऊन जाऊ दे.

काम सुरू करताना मात्र एक भीती तुम्हाला आडवी येईल. माझी आत्या गिरगावातल्या चाळीतून ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे चाळ पुन्हा बांधेपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, गेली तेव्हा 'दोन वर्षांचा प्रश्न आहे' असं सांगितलं होतं. तिची धाकटी तिथेच शाळेत गेली आणि तिथल्याच खोलीतून लग्न होऊन सासरी गेली. आत्यानं शेवटपर्यंत एक ट्रंक उघडली नाही, घरी गेल्यावर उघडू म्हणून. तुम्ही 'दुरुस्तीसाठी पंधरा दिवस खोली रिकामी करा' म्हणाल तेव्हा तुमच्या भाडेकरूंच्या डोळ्यांपुढे अशी ट्रंक असेल. दुरुस्तीसाठी बाहेर पडलेल्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायदा देतोच, पण तुम्ही तो कागदावर आणा: खोली क्रमांक, क्षेत्रफळ, बाहेर जाण्याची आणि परत येण्याची तारीख, दोघांच्या सह्या, खोलीचे फोटो. शक्य असेल तर दोन-दोन खोल्या घ्या, म्हणजे माणसं चाळीतच एकमेकांकडे राहतील.

त्याच बैठकीत भाडेपावत्यांचा विषय काढा. तुमच्याकडे अर्ध्या पावत्या अजून वारलेल्या माणसांच्या नावावर निघत असतील. भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायद्यानं भाडेकरूपण मिळतं. ते नाव रजिस्टरवर चढलं नाही तर पुढे दुरुस्ती असो की पुनर्विकास, घराघरांत भांडणं लागतात आणि सगळ्यात आधी बाहेर पडते ती एकटी विधवा. डबेवाल्या बाईंची पावती कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. पावती देणं हे मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, आणि गरीब माणसाकडे घराचा तेवढाच पुरावा असतो. तुमच्याही घरातलं बघा: प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव आहे की तुम्हा बहीणभावांची चढली आहेत?

बिल्डरबद्दल. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. काही चाळी खरोखर दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात आणि तिथे नवी इमारत हाच उपाय असतो. पण तुमच्यासारख्या एकट्या छोट्या भूखंडाचं गणित अवघड आहे. समूह पुनर्विकासाला, म्हणजे अनेक इमारती एकत्र घेऊन नव्यानं बांधायला, शहर भागात निदान ४,००० चौरस मीटर जागा लागते; तुमची एकटीची चाळ त्यात मोजलीही जाणार नाही. विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली (उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम) एकटी चाळ घेणारा बिल्डर कधी जुनी पाडतो, दोन वर्षं भाडं देतो आणि मग बाजार पडला म्हणून गायब होतो. त्या अर्धवट खड्ड्यांसमोरून तुम्ही रोज जात असाल. आणि इमारत उभी राहिलीच तर लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेन्टेनन्स महिन्याला काही हजार येतो. वॉचमन आणि घरकामवाल्या बाई तो किती वर्षं भरतील? मग खोली विकून नालासोपारा, बदलापूर. पुनर्विकासात घर मिळालं आणि माणूस गेला, असं मी एकाहून जास्त कुटुंबांत पाहिलंय. म्हणून बिल्डरशी बोलायचंच झालं तर हा मेन्टेनन्सचा प्रश्न पहिल्या बैठकीत काढा. नुसत्या 'विचार करतो' अशा पत्रावरही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि भाडेकरूंकडूनही संमतीपत्रं गोळा होऊ देऊ नका.

इमारत बिल्डरला विकली तरी भाडेकरू सुटत नाहीत, नवा मालक त्यांच्यासकट घेतो. हे भावाला माहीत असेल तर तुम्ही विकून नेमकं काय विकताय याचाही त्याला अंदाज असेल: बारा कुटुंबांवर दबाव टाकण्याची परवानगी.

भावाला त्याचा हिस्सा हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे, त्यावरून त्याला वाईट ठरवू नका. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता असेल, मुलांचं शिक्षण असेल. मग एक वाट आहे जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: चाळ भाडेकरूंच्याच सहकारी संस्थेला विकणं. बारा कुटुंबांची संस्था होऊ शकते. उपकरप्राप्त इमारती भाडेकरूंच्या संस्थेसाठी संपादित करायची तरतूद १९८६ पासून म्हाडा कायद्यात आहे, त्यात ७० टक्के रहिवासी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट असा हिशेब होता. तुमच्या चाळीचे त्या हिशेबानं २ लाख १५ हजार होतात! मालकांनी त्याला आव्हान दिलं, आणि त्यातूनच निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. त्या सक्तीच्या वाटेनं तुम्ही जाऊच नका. तुम्ही आपखुशीनं, वाजवी किमतीला, हप्त्यांनी विकू शकता. किंमत बिल्डरच्या आकड्याच्या जवळपासही नसेल, हे आधीच सांगते. ती दुरुस्तीनंतरची ठरवा, आणि भावाचा हिस्सा आधी देण्याची सोय करता येते का ते सीए आणि वकिलाबरोबर बसून बघा. चाळ त्यांची झाली की तुळईवरचं पिंप कोण उतरवणार हा वादही संपेल.

हे दोन-तीन वर्षांचं काम आहे. या महिन्यात एवढंच करा: तड्यावर काच लावा, म्हाडात अर्ज देऊन पोच घ्या, शाकारणाऱ्याला ठरवा, आणि एका रविवारी सकाळी मागच्या अंगणात सगळ्यांना बोलवा. बायकांना मुद्दाम बोलवा. पाणी कधी येतं, कुठे गळतं, हे त्यांना पाठ असतं. भावालाही बोलवा. त्याला ठाण्याला बसून बारा खोल्या दिसतात, इथे बसला की ज्या दोन म्हाताऱ्यांनी तुम्हाला वाढवलं त्या दिसतील, आणि मला वाटतं त्यालाही त्यांनी थोडंफार वाढवलंच असेल.

काचेवरच्या तारखेचं काय झालं ते पावसाळ्यानंतर मला कळवा.